कवर कायले नाही देल्ला?

हरल्यानंतरच्या पहिल्या दहा सेकंदांत खेळाडू काय बोलतो, ते मी गेली अडीच वर्षं लिहून ठेवतोय. सुरुवात गंमत म्हणून झाली होती. आता वही भरत आलीये. त्यातली काही वाक्यं जशीच्या तशी:

"अबे, कवर कायले नाही देल्ला?"

"मी सांगून राह्यलो होतो ना, पुलावरून नको जाऊ म्हणून!"

"एकटा किती जणाले मारू मी?"

"पिंग पाह्य ना भाऊ, पिंग! चारशे!"

"ह्याले टीममध्ये घेतला, तवाच हारलो आपण."

"मी चुकलो" अशा अर्थाची वाक्यं वहीत फार थोडी आहेत. जी आहेत, त्यातली बहुतेक एकाच पोराची आहेत. त्याच्याबद्दल पुढे बोलू, कारण त्याचंही प्रकरण वाटतं तितकं सरळ नाही.

मी स्वतः स्पर्धेत खेळत नाही. माझी बोटं त्या लायकीची नाहीत, हे लवकरच कळलं. मी कस्टम रूममध्ये ऑब्झर्व्हर म्हणून बसतो, मॅच रेकॉर्ड करतो, पॉइंट मांडतो आणि कधी कधी मराठीत कॉमेंट्री करतो. ऐकायला चाळीसेक जण असतात, त्यातले दहा आमचेच हॉस्टेलवाले. पण या कामाचा एक फायदा आहे. खेळणाऱ्याला त्याचा एक स्क्रीन दिसतो, मला सगळ्यांचे दिसतात. आणि आमच्या पोरांच्या डिस्कॉर्ड कॉलवर मी म्यूट करून बसलेला असतो, त्यामुळे सगळ्यांचं ऐकूही येतं.

आमची पोरं म्हणजे चार जण. गडचिरोलीच्या हॉस्टेलात असताना एकमेकांना तालुक्याच्या नावानं हाक मारायची सवय लागली, ती सुटलीच नाही. चामोर्शी, आरमोरी, धानोरा आणि सिरोंचा. चामोर्शी आमचा आयजीएल, म्हणजे मॅचमध्ये कुठे जायचं, कधी भिडायचं, हे तो ठरवतो. सगळ्यात जास्त किल त्याचेच, सगळ्यात मोठा आवाजही त्याचाच. लॉकडाऊनमध्ये शाळेसाठी म्हणून घरी स्मार्टफोन आले, त्यावर चौघं पबजी शिकले. २ सप्टेंबर २०२०ला पबजीवर बंदी आली. २ जुलै २०२१ला तोच गेम बीजीएमआय नावानं परत आला. २८ जुलै २०२२ला तोही स्टोअरवरून गायब झाला, आणि मे २०२३च्या शेवटी पुन्हा आला. त्या बंद्यांच्या काळात या चौघांचं एकदाही भांडण झालं नाही, हे मी मुद्दाम नोंदवतोय. हारायलाच काही नव्हतं.

आधी सोपा भाग उरकून घेऊ. रँडमसोबत खेळणाऱ्यांची तक्रार असते की "मला नेहमी नूबच टीममेट मिळतात, म्हणून रँक वाढत नाही." हे गणितात बसत नाही. क्लासिक मॅचमध्ये शंभर जण, चार-चारचे स्क्वॉड. तुमच्या स्क्वॉडमध्ये अनोळखी जागा तीन, कारण चौथे तुम्ही. समोरच्या प्रत्येक स्क्वॉडमध्ये अनोळखी जागा चार. नूब जर सगळीकडे सारखेच वाटले जात असतील, तर ते तुमच्यापेक्षा समोरच्यांच्या वाट्याला जास्त येतात. म्हणजे तुम्ही बऱ्यापैकी खेळत असाल, तर हा सौदा तुमच्याच फायद्याचा आहे. दहा मॅचमध्ये नशीब खराब असू शकतं. दोनशे मॅचनंतरही तीच तक्रार असेल, तर त्या दोनशे मॅचमध्ये कायम असलेला खेळाडू एकच निघतो. हे मी कॉमेंट्रीत एकदा बोललो, तर तीन जण लाइव्ह सोडून गेले. असो.

पण ठरलेल्या चौघांचा स्क्वॉड असला की हे गणित संपतं. तिथे चुकणारा माणूस नावागावानिशी माहीत असतो. त्याच्यासोबत तुम्ही मेसचं वरण खाल्लेलं असतं.

आमच्याकडे तो माणूस म्हणजे सिरोंचा.

सिरोंचा गडचिरोलीहून दोनशे किलोमीटरच्या आसपास, जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला. तिथे प्राणहिता गोदावरीला मिळते. नदीपलीकडे तेलंगणातलं कालेश्वर. हॉस्टेल सुटल्यावर बाकीचे तिघं गडचिरोलीत राहिले, हा गावी गेला. गावात नेटवर्क एक दांडी. मॅच असली की हा मोटरसायकल काढून गावाबाहेरच्या उंचवट्यावर जाऊन बसतो. तिथे दोन दांड्या येतात, आणि डास येतात. फोन जुना, रॅम कमी. पिंग म्हणजे तुमच्या फोनचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. इतरांचा पन्नास-साठ मिलिसेकंद असतो, तेव्हा याचा कधी दोनशे, कधी चारशे. म्हणजे यानं ट्रिगर दाबला आणि गोळी निघाली, या दोन्हींच्या मध्ये समोरचा झाडामागे गेलेला असतो.

तर मॅच हरली की चामोर्शी म्हणायचा, "सिरोंचा, तुह्या नेटवर्कपायी गेली बे." आणि खोटं नव्हतं ते! आमच्या जिल्ह्यात सबबी बनवाव्या लागत नाहीत, त्या आपोआप तयार असतात. दोन-तृतीयांशाहून जास्त जिल्हा जंगल आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षी पेपरात येतं. इथला पोरगा "नेटवर्क नव्हतं" म्हणाला, तर तो बहुधा खरंच बोलत असतो. शहरातल्या लोकांनी "सबबी सांगू नका" असं आम्हाला सांगितलं की म्हणूनच डोक्यात तिडीक जाते.

अडचण अशी की सबब खरी असली की बाकीची चौकशीच थांबते. सलग सहा-सात पराभव सिरोंचाच्या नावावर जमा झाले. सुरुवातीला तो उत्तर द्यायचा. मग नुसतं "हो" म्हणायला लागला. मग मॅच संपताच कॉलवरून निघून जायला लागला. एका रात्री त्यानं ग्रुपवर लिहिलं, "दुसरा पाहून घ्या." आणि ग्रुप सोडला.

त्या रात्री मी हरलेल्या मॅचची रेकॉर्डिंग पुन्हा काढली. त्याची बाजू घ्यायला म्हणून नाही. मला आकड्यात पाहायचं होतं, की नेटवर्कनं नेमके किती वेळा मारलं. सात मॅच, प्रत्येकी अर्ध्या तासाच्या आसपास. आवाज आणि मॅप शेजारी-शेजारी लावून पाहिलं.

दोन मॅच खरंच नेटवर्कनं गेल्या होत्या. पाचव्या मॅचमध्ये मात्र एक जागा सापडली, ती मी चारदा मागे नेऊन ऐकली. स्क्वॉड नुकताच एका भांडणातून निसटलेला आहे. आरमोरी नॉक झाला होता, त्याला उचललंय. चामोर्शी ओरडतोय, "तू तिथून निंगालाच कायले? कवर कोण देणार होता? सांग ना, कोण?" हे अकरा सेकंद चालू आहे. आणि त्याच अकरा सेकंदांत, त्याच्या आवाजाखाली, सिरोंचा दोनदा म्हणतोय, "दोन जण डाव्या बाजूनं येतायत. डावीकडे, दोन." हळू आवाजात, त्याच्या त्या तेलुगू वळणाच्या मराठीत. कोणीही वळून पाहत नाही. पुढच्या वीस सेकंदांत स्क्वॉड संपतो. मारणारे दोघंही डाव्या बाजूनं आलेले. आणि वहीत त्या मॅचच्या पुढे माझ्याच अक्षरात काय लिहिलंय? "सिरोंचाचं नेटवर्क." कारण हरल्यावर बोललं गेलेलं वाक्य तेच होतं.

माझ्या मते सगळा मुद्दा त्या अकरा सेकंदांत आहे. दोष हा नेहमी मागच्या फाइटबद्दल असतो, आणि शत्रू पुढच्या फाइटमधून येतो. आवाजाची वाट एकच आहे. तिच्यात मागचं भांडण भरलं, की पुढची खबर शिरत नाही. आमच्या झाडीपट्टीत रात्रभर नाटकं चालतात, वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात. आरमोरीचा काका अशाच एका कंपनीत पेटी वाजवतो. तो सांगतो, एखादा नट डायलॉग विसरला तर समोरचा काहीतरी बोलून त्याला सावरून घेतो, आणि पडदा पडल्यावर मागे जाऊन आईबहीण काढतो. पडद्याआधी नाही. पाच हजार माणूस समोर बसलेला असताना विचारत नाही, की तू विसरलाच कायले.

हे ऐकून चामोर्शी खलनायक वाटत असेल, तर तसं नाहीये. त्याला खरंच वाटत होतं की तो एकटा स्क्वॉड ओढतोय. १९७९ साली मायकल रॉस आणि फिओरे सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं होतं, की घरातल्या कामांत तुमचा वाटा किती. दोघांचे वाटे मिळवले की बेरीज पूर्णाच्या वर जायची. याचा सरळ अर्थ "माणसं फुशारकी मारतात" असा काढता येईल. पण भांडण कोण उकरून काढतं, अशा नको असलेल्या गोष्टींतही माणसं स्वतःचाच वाटा जास्त धरत होती. म्हणजे नुसता अहंकार नाही. आपण केलेलं आपल्याला आठवतं, कारण आपण तिथे होतो. दुसऱ्यानं केलेलं आपण पाहिलेलंच नसतं. चामोर्शीच्या स्क्रीनवर चामोर्शीच धावत होता. सिरोंचा त्या उंचवट्यावर डास मारत दोन जणांची खबर देत होता, हे त्याच्या स्क्रीनवर कुठे दिसणार?

मी क्लिप ग्रुपवर टाकली. खाली काही लिहिलं नाही. दीड दिवस कोणी काही बोललं नाही. मग धानोराचा मेसेज आला, "रविवारी मेंढ्याले चला."

मेंढा (लेखा) हे त्याच्या तालुक्यातलं गाव, गडचिरोलीहून साधारण तीस किलोमीटर. पाचशेच्या आसपास वस्तीचं गोंड गाव. मराठी पुस्तकं वाचणाऱ्यांना ते मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची'मुळे माहीत असतं, आम्हाला स्पर्धा परीक्षेच्या गाइडमुळे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल ही नावं पाठ. वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला, पण तो बाहेर न्यायला परवाना लागतो, तो वनखातं देईना. शेवटी २७ एप्रिल २०११ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं गेलं. परीक्षेत इतकं लिहिलं की मार्क मिळतात.

धानोराला आम्हाला दाखवायचं होतं ते वेगळंच. त्याच्या आजोबांच्या ओळखीचे एक म्हातारे तिथे राहतात, त्यांच्या अंगणात आम्ही बसलो. चामोर्शी, आरमोरी, धानोरा, मी. सिरोंचा अर्थातच नव्हता. म्हाताऱ्यांना गेम वगैरे काही सांगितलं नाही. धानोरानं एवढंच विचारलं, "बाबाजी, तुमच्या सभेत भांडण झालं तर मतदान घेता का?"

ते म्हणाले, मतदान घेत नाही. सगळ्यांचं जुळेपर्यंत बोलायचं. एक जरी नाही म्हणाला, तरी थांबायचं. आज नाही जुळलं, तर पुढच्या सभेत. मग स्वतःहूनच जंगलाचं सांगायला लागले. खातं जंगल तोडतं, कंत्राटदार तोडतो, ही तक्रार गावाची होतीच. पण ती करायच्या आधी गावानं आपल्या घरांचं पाहिलं. आपण काय तोडतो? मोह, चार, तेंदू अशी फळझाडं तोडायची नाहीत. आपल्यातला कोणी चोरून तोडेल, तर त्याला सभेत उभं करायचं. मध काढताना पोळं जाळायचं नाही. "आपलं घर झाडल्याबिगर दुसऱ्याच्या दारात कसं जावावं?" असं काहीसं बोलले, आणि चहा ठेवायला आत गेले.

परत येताना मोटरसायकलवर चामोर्शी गप्प होता. आरमोरी मात्र खूश झाला. "मी तं पहिल्यापासूनच सांगतो ना, माही चूक माही चूक म्हणून!"

हाच तो वहीतला पोरगा. मॅच हरली, की कोणी काही बोलायच्या आत आरमोरी म्हणतो, "सॉरी भाऊ, माहीच चूक." मॅच नेटवर्कनं जावो, झोननं जावो, आरमोरीची चूक ठरलेली. बरेच दिवस मला तो चौघांतला सगळ्यात समजूतदार वाटायचा. मग लक्षात आलं की त्याच्या सॉरीनंतर बोलणंच बंद होतं. नेमकं काय चुकलं, हे त्याला एकदाही सांगता आलेलं नाही. पुढच्या मॅचमध्ये तो पुन्हा तिथूनच उघड्यावर धावतो. दोष दुसऱ्यावर टाकणं आणि घाईघाईनं स्वतःवर ओढून घेणं, दोन्हींमधून रेकॉर्डिंग बघायचं टळतं. आमच्याकडे या दुसऱ्या प्रकाराचं फार कौतुक होतं. ३१ जानेवारी १९९९ची चेन्नईची कसोटी वडील मंडळी अजून सांगतात. पाठ दुखत असताना सचिनच्या १३६ धावा, तो बाद झाला तेव्हा १७ हव्या होत्या, उरलेल्या तीन विकेट ४ धावांत गेल्या, भारत १२ धावांनी हरला, आणि सचिन ड्रेसिंग रूममध्ये रडत बसला, बक्षीस घ्यायलाही आला नाही. सांगणाऱ्याचा भर नेहमी त्या रडण्यावर असतो. मला त्यापेक्षा हे जाणून घ्यावंसं वाटतं, की दुसऱ्या दिवशी त्या अकरा जणांनी बसून कशाबद्दल बोलणं केलं असेल.

मेंढ्याहून आल्यावर आमच्याकडे नियम ठरले. मतदान न घेता, तीन रात्री भांडून. मॅच संपली की कोणीही पाच मिनिटं बोलायचं नाही, पाणी प्यायचं. मग रेकॉर्डिंग लावायची. प्रत्येकानं आधी फक्त आपलं सांगायचं: कितव्या मिनिटाला, कुठे, काय केलं, आणि त्याऐवजी काय करता आलं असतं. सॉरी हा शब्द बंद. सगळ्यांचं आपापलं सांगून झालं, की मग दुसऱ्याचं काढता येईल, पण तेही मिनिट सांगून. "तू कधीच कवर देत नाही" चालणार नाही, "सतराव्या मिनिटाला तू घरात होता" चालेल. ही शेवटची अट धानोराची. तो म्हणाला, मेंढ्याच्या लोकांनी घर झाडलं म्हणून वनखात्याला सोडून दिलं का? परवान्याचं पुस्तक मागायचं थांबले का? आपलं आधी पाहायचं म्हणजे दुसऱ्याचं बोलायचंच नाही, असं कुठे आहे?

पहिले दोन आठवडे ऐकायला फार वाईट होते. आरमोरीला सॉरीशिवाय बोलताच येईना, तोंड उघडायचा आणि बंद करायचा. एकदा चिडून म्हणाला, "मंग का सांगू?" आम्ही थांबलो. मग म्हणाला, "मले उघड्यावर धावताना स्मोक फेकाचं ध्यानातच नाही राहत." अडीच वर्षांत पहिल्यांदा काहीतरी दुरुस्त करता येईल असं बोलला. चामोर्शीचं त्याहून अवघड होतं, कारण किल त्याचेच जास्त असतात. आकडे त्याच्या बाजूनं असताना त्यानं काय सांगायचं? एका रात्री त्यानं मला ती अकरा सेकंदांची क्लिप परत मागितली. बाकी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, की तो पहाटेच्या बसनं सिरोंचाला गेलाय.

तिथे दोघांत काय बोलणं झालं, ते मला माहीत नाही. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "त्या टेकडीवर लय मच्छर आहेत बे."

सिरोंचा परत आला, पण फार दिवस नाही. फेब्रुवारीत तो घरच्यांसोबत मिरची तोडायला तेलंगणात गेला. आमच्या भागातली बरीच माणसं त्या दिवसांत जातात. त्याच्या जागी एक मूलचा पोरगा घेतला, तो बरा खेळतो. मार्चअखेर सिरोंचा परतला, तेव्हा एका छोट्या स्पर्धेत नाव घातलेलंच होतं. सोळा टीम, सहा मॅच, पहिल्या नंबरला दहा पॉइंट, प्रत्येक किलला एक. आमची टीम सातवी आली. गेल्या वेळी तेरावी होती, त्यामुळे तक्रार नव्हती, पण चौथी मॅच हातातली गेली होती.

पाच मिनिटांचं पाणी पिऊन झालं. सिरोंचाचा नंबर आला. तो म्हणाला, "बाविसाव्या मिनिटाला मी पुलाच्या अलीकडे थांबलो. तुम्ही पलीकडे गेले होते. मला वाटलं मागून कोणी येईल. आलं नाही. मी तुमच्यासोबत यायला पाहिजे होतं."

चामोर्शी म्हणाला, "तवा तुह्या पिंग किती होता?"

"तीनशे ऐंशी."

"मंग ते सांग ना बे आधी!"

"ते वेगळं आहे," सिरोंचा म्हणाला. "थांबलो मी. पिंग नाही थांबला." मग मला म्हणाला, "पण पिंगपण लिहा. वेळ टाकून लिहा."

मी लिहिलं. त्यानं आधीच्या मॅचचेही आकडे काढायला लावले. शेजारी-शेजारी मांडल्यावर दिसलं, की रात्री साडेदहापर्यंत त्याचा पिंग तीनशेच्या वर असतो आणि अकरानंतर दीडशेच्या खाली येतो. गाव झोपतं, टॉवर मोकळा होतो. इतके दिवस हे कोणी पाहिलं नव्हतं, कारण "सिरोंचाचं नेटवर्क" या दोन शब्दांत सगळं बसत होतं.

तर आता सराव रात्री सव्वाअकराला असतो. आरमोरी रोज कटकट करतो. तो पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे पाचला मैदानावर सोळाशे मीटर धावायचं असतं. परवा त्याची वेळ नऊ सेकंदांनी वाढली. ग्रुपवर त्यानं लिहिलं, "तुमच्यापायी झोप नाही होत बे, म्हणून वेळ वाढली." दोन मिनिटांनी धानोराचं उत्तर आलं, "कितव्या राउंडले?"